दवाखाना संगणकावर नेण्यापूर्वी

सातारा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. केसपेपर बंद करून दवाखान्याचा कारभार संगणकावर नेतो आहेस, हे वाचून आनंद झाला. मात्र ‘पहिल्या तारखेपासून सगळे एकदमच बदलणार’ या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

यंत्रणा बंद पडण्याची भीती खोटी नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेलाही नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. पण बंद पडलेली यंत्रणा निदान दिसते तरी. मला अधिक धास्ती वाटते ती यंत्रणा सुरळीत चालू असताना नकळत शिरणाऱ्या चुकांची, कारण हाताने लिहिलेल्या चिठ्ठीविषयी शंका आली तर औषधदुकानदार फोन करून विचारतो, छापील चिठ्ठीवर मात्र सगळेच डोळे मिटून विश्वास ठेवतात.

एका परिचितांच्या रुग्णालयात मी हे जवळून पाहिले. नोंदणीच्या खिडकीशी आलेल्या आजींना जन्मतारीख ठाऊक नव्हती, रकाना भरल्याखेरीज पुढचे पान उघडत नव्हते आणि मागे रांग खोळंबली होती. तेव्हा तिथल्या मुलीने अंदाजाने एक वर्ष धरून 1 जानेवारी टाकली. त्या बिचारीचा यात काय दोष? पुढच्या खेपेस दुसऱ्या कोणी वेगळे वर्ष टाकले, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंगही बदलले, आणि आजींच्या दोन फाइली तयार झाल्या. पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद पहिल्या फाइलीत आणि डॉक्टरांसमोर दुसरी! आजींच्या मुलाने वेळीच सांगितले म्हणून निभावले. चौदा अंकी आभा क्रमांकाने (आयुष्मान भारत आरोग्य खात्याच्या ओळख क्रमांकाने) हा घोळ कमी होईल, पण तो प्रत्येकाकडे असेलच असे नाही.

औषधांच्या यादीचेही तेच. रक्तदाबाचे हायड्रॅलझिन आणि खाजेवरचे हायड्रॉक्सिझिन यांची पहिली चार इंग्रजी अक्षरे सारखीच असल्याने घाईत बोट चुकीच्या ओळीवर पडू शकते. शिवाय ‘मागील औषधे पुन्हा’ या सोयीमुळे थांबवलेली गोळीही चालूच राहते, आणि बारीकसारीक सूचनांचा भडिमार झाला की महत्त्वाची सूचनाही न वाचताच बंद करण्याची हाताला सवय लागते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी फक्त नोंदणी आणि बिले संगणकावर ने, केसपेपर काही महिने सोबत चालू ठेव, आणि संगणकप्रणालीच्या खरेदीच्या बोलणीला तुझ्या कंपाउंडरकाकांना शेजारी बसव. कोणत्या घरात एकाच नावाचे दोघे आहेत, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर विसंबू नकोस, त्यातून नोंदी परत उघडून दाखवायला लाव. उद्या कंपनी बदललीस तर सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे करारात स्पष्ट लिहून घे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे रुग्णांच्या माहितीची जबाबदारी तुझ्यावरच राहते, ती कंपनीवर ढकलता येत नाही.

सही करण्यापूर्वी कराराचा मसुदा मला पाठव, मी ओळन् ओळ वाचून कळवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत