पूर्ण किमतीच्या गेम्समध्ये ऑनलाइनची सक्ती आणि आतलं दुकान: तुमच्या तिन्ही गेम्सबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर सपोर्ट आणि गेम बनवणारी टीम

नमस्कार,

तुमचा रेसिंग गेम, फायटिंग गेम आणि नवीन आरपीजी (गोष्टीतलं पात्र होऊन लेव्हल वाढवत खेळायचा गेम), तिन्ही मी पूर्ण किमतीला घेतलेत आणि तिन्ही भरपूर खेळून मगच हे लिहितोय, एखादा बग दिसला म्हणून रागात टाइप केलेलं नाहीये. तक्रार एकच आहे. गेम कुठल्याही जॉनरचा, म्हणजे प्रकारचा असो, तुम्ही त्यात तेच ते कोंबता. चालू केला की आधी लॉगिन, मग दुकानाचं बॅनर, मग आजचे टास्क, मग सीझन पास (पैसे देऊन त्या सीझनची बक्षिसं मिळवायचा पास), आणि हे सगळं बंद करत करत शेवटी खेळायचं बटण सापडतं. प्रत्येक जॉनरची मजा वेगळ्या गोष्टीत असते आणि तुम्ही नेमकी तीच मारताय.

रेसिंगमध्ये ब्रेक कुठे सोडायचा, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल किती द्यायचा, हे हाताला बसेपर्यंत एकच ट्रॅक परत परत मारायचा असतो. हे एकट्याने करायला तुमचा सर्व्हर कशाला लागतो? नेट गेलं की करिअर मोडमधून चालू रेसमधूनच बाहेर काढता आणि ती रेस सेव्हही होत नाही. ग्रॅन तुरिस्मो ७ चं मार्च २०२२ मध्ये काय झालं ते तुम्हालाही माहितीये, मेंटेनन्स लांबला आणि ३० तासांहून जास्त वेळ लोकांना एकट्याने खेळायचा बराचसा भागही उघडता येईना. द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर तर ३१ मार्च २०२४ ला कायमचे बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातून गेला, त्यातूनच विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणणारी स्टॉप किलिंग गेम्स मोहीम उभी राहिली आणि युरोपातल्या तिच्या याचिकेवर २०२५ मध्ये १० लाखांच्या वर सह्या झाल्या. एवढं होऊनही तुम्ही परत तेच करता याचं मला खरंच वाईट वाटतं.

फायटिंग गेमबद्दल जास्त बोलायचंय कारण तो मला मनापासून आवडला होता. मूव्हज छान आहेत, कॅरेक्टर्समध्ये जीव आहे, बनवणाऱ्यांनी कष्ट घेतलेत हे दिसतं. पण या जॉनरमध्ये सगळा खेळ फ्रेम्सचा, म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक येणाऱ्या चित्रांचा असतो. सेकंदाला ६० फ्रेम, आणि टेकेन या फायटिंग गेममधला साधा जॅब (झटपट ठोसा) १० फ्रेममध्ये लागतो म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, त्यात दोन-चार फ्रेम जरी अडकल्या तरी ब्लॉक चुकतो, पनिश (समोरच्याच्या चुकीवरचा उलटा वार) चुकतो, राउंड जातो. आणि तुमच्या पीसी व्हर्जनमध्ये नवीन स्टेज आली किंवा समोरच्याने सुपर (सगळ्यात जोरदार मूव्ह) मारला की पहिल्यांदा हमखास झटका बसतो, कारण शेडर्स (चित्र कसं दिसेल ते ग्राफिक्स कार्डला सांगणारे छोटे प्रोग्राम) आधी तयार करून ठेवायचे सोडून मॅच चालू असताना तयार होतात. पहिल्यांदा चालू करताना थांबवा ना आम्हाला दहा मिनिटं, कोणी कुरकुर करणार नाही. ऑनलाइन मॅचमध्ये तर दोघांचं नेट चांगलं असूनही हात चिखलात रुतल्यासारखे वाटतात. स्ट्रीट फायटर ६ मध्ये पण पास आहे, पैसे मागणं आहे, ते मलाही पटत नाही, पण त्याचा रोलबॅक (नेटचा उशीर जाणवू न देणारी पद्धत) चांगला आहे, मॅच लागली की मॅच नीट चालते. तुमच्याकडे दुकान मात्र एकदाही अडकत नाही. आणि प्रॅक्टिस मोडला लॉगिन का हवं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

फायटिंग गेममध्ये दुकान लाँचच्या दिवशी नव्हतं हेही लक्षात ठेवलंय मी. रिव्ह्यू येऊन गेले, लोकांनी कौतुक केलं, मग अपडेटमधून दुकान आलं. टेकेन ८ च्या वेळीही असंच झालं होतं, गेम जानेवारी २०२४ मध्ये आणि दुकान पुढच्या महिन्यात, तेव्हाही लोक भडकले होते.

आता आरपीजी. तुमच्या सपोर्टचं उत्तर आलं की एक्सपी बूस्टर (लेव्हल लवकर वाढावी म्हणून दुकानातून विकत घ्यायची गोष्ट) ऐच्छिक आहे. मग गोष्ट ऐन रंगात आल्यावर लेव्हल अचानक इतकी हळू का वाढते? शत्रू पुढे निघून जातात, मेन मिशन पुढची लेव्हल मागतं, आणि तीच तीच छावणी साफ करत बसायचं नाहीतर बूस्टर घ्यायचा. बाल्डर्स गेट ३ मध्ये लेव्हल जास्तीत जास्त १२ पर्यंत जाते आणि आत खऱ्या पैशांचं दुकान नाही, तरी प्रत्येक लेव्हलला काहीतरी नवीन करता येतं म्हणून वाट बघावीशी वाटते. एल्डन रिंगमध्ये बॉसने धुतलं तर दुसरीकडे जायचं, काहीतरी शोधायचं, तयारी करून परत यायचं, म्हणजे अडचणीवरचा उपाय त्या जगातच ठेवलेला असतो. तुम्ही तो उपाय काढून दुकानात ठेवलाय. आणि हे सगळं सुरू होतं तोपर्यंत रिफंडची वेळ टळलेली असते, कारण स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन स्टोअरवर साधारण १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तरच पैसे परत मिळतात, तुमचं तर ट्युटोरियलच त्यापेक्षा मोठं आहे.

दुरुस्ती होऊ शकते हो. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये काय अवस्थेत आला होता आणि २.० अपडेटनंतर काय झाला ते सगळ्यांनी बघितलंय. हेलडायव्हर्स २ साठी पीसीवर सोनीचं प्लेस्टेशन अकाउंट जोडायची सक्ती मे २०२४ मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर मागे घेतली गेली.

म्हणून मागतोय ते असं: रेसिंगचा करिअर मोड आणि फायटिंगची प्रॅक्टिस ऑफलाइन चालली पाहिजे, शेडर्सचा झटका पुढच्या अपडेटमध्ये गेला पाहिजे, आरपीजीमधून बूस्टर काढून लेव्हलचा वेग नीट करा आणि ते करायचं नसेल तर त्या गेमचे पैसे परत द्या. शिवाय सर्व्हर बंद कराल त्या दिवशी आमच्याकडे काय उरणार हे तिन्ही गेम्सच्या विक्रीच्या पानावर स्पष्ट लिहा, विकत घ्यायच्या बटणाच्या वर.

आधीसारखा तयार मजकूर पाठवू नका, गेम बनवणाऱ्या टीममधल्या कोणीतरी हे वाचून उत्तर द्यावं. ऑर्डरच्या पावत्या आणि झटक्यांचे व्हिडिओ सोबत जोडलेत.

तुमचा ग्राहक