किंक्रांतीचं मत

५ जानेवारी २०२६

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, चारही जागांना नोटा दाबणार, म्हणजे यांपैकी कुणीच नको, सगळे एकाच माळेचे मणी." मी गप्प बसलो, कारण शेजारी तुझ्या आईचं निराळंच चाललं होतं. १५ तारखेला किंक्रांत, त्या दिवशी शुभकाम करत नाहीत, मग पोरीचं पहिलंवहिलं मतदान, तेही महापालिकेचं, नेमकं त्याच दिवशी कसं ठेवलं म्हणून ती निवडणूक आयोगावर चिडली होती. तिची समजूत घातली. तुझ्यासाठी कागद घेऊन बसलोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

दिवाळीत तू आणि सूरजदादा पडवीत दोन तास भांडलात. मी ओसरीवर आकाशकंदिलाची वायर जोडत सगळं ऐकत होतो. दिल्ली झाली, अमेरिका झाली, पन्नास वर्षांपूर्वी कुणाचं काय चुकलं तेही झालं. शेवटी तो फराळाची बशी तशीच ठेवून उठला आणि तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस. त्या दोन तासांत तुझ्या प्रभागाचं नाव एकदाही निघालं नाही. त्याच्याही नाही. जिथं तुमचं बोट खरोखर बटणावर पडणार, तेवढंच नेमकं राहून गेलं.

मी तुझ्या वयात शहाणा होतो अशातला भाग नाही. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते १९८९ च्या मार्चमध्ये, आणि नोव्हेंबरात लोकसभा लागली. मी १९ वर्षांचा. आदल्या रात्री थोरल्या चुलत्यांनी आम्हा सगळ्या पोरांना अंगणात बसवून चिन्ह सांगितलं. सकाळी रांगेत उभा राहिलो, शिक्का मारला आणि दिवसभर शाईचं बोट मिरवलं. उमेदवाराचं नाव काय होतं ते आज सांगता येणार नाही. विसरलोय असं नाही, तेव्हा वाचलंच नव्हतं.

पुढे शाळेत लागलो आणि १९९५ पासून इलेक्शन ड्यूटी मागे लागली. पेट्या होत्या तेव्हापासून मशिनपर्यंत सगळं पाहिलं. एका केंद्रावर एक आजी मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेल्या त्या बाहेरच येईनात. रांग ओरडायला लागली, एजंट हसायला लागले. मी लांबूनच विचारलं, "आजी, काही अडचण?" आतून आवाज आला, "थांबा की मास्तर, वाचू तर द्या." दुसरी शिकलेली बाई. एकेका नावाखाली बोट सरकवत अख्खी यादी वाचून मगच शिक्का मारला. बाहेर पडताना मतपेटीला हात लावून नमस्कार केला. मला १९८९ चा मी आठवला आणि उगाचच रजिस्टरात डोकं घातलं.

तर आता तुझ्या मताकडे येतो. किरकटवाडी पुणे महापालिकेत आली २०२१ च्या जूनमध्ये, २३ गावं घेतली त्यांत. महापालिकेची आधीची निवडणूक झाली २०१७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे तेव्हा तुमचं गाव बाहेर होतं. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसला, तो आजतागायत. याचा अर्थ, महापालिकेसाठी १५ तारखेचं मत जसं तुझं पहिलं, तसंच तिथल्या जुन्या घरातल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचंही पहिलं. साडेचार वर्षं महापालिकेत राहून तक्रार न्यायला हक्काचा नगरसेवक नाही. अशा ठिकाणी बसून तू म्हणतेस सगळे सारखे? अगं, अजून एकालाही पारखायची संधी मिळालेली नाही तुम्हाला.

गेल्या जानेवारीत जीबीएसची, त्या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा तुझी आई दिवसातून तीनदा फोन करायची, पाणी उकळलंस का, गाळलंस का. तुमच्याच पट्ट्यात, सिंहगड रस्त्याच्या त्या बाजूला रुग्ण सापडत होते आणि बोट पाण्याकडे दाखवलं जात होतं. त्या आठवड्यांत आता पत्रकं वाटणाऱ्यांपैकी कोण कुठं होतं, हे आत्याला विचार, दूधवाल्याला विचार, सोसायटीच्या वॉचमनला विचार. क्षेत्रीय कार्यालयात हेलपाटे कुणी घातले, टँकर कुणी आणला आणि टँकरवर स्वतःचा फोटो फक्त कुणी लावला. पद हातात नसताना जो खपला त्याचं पारडं माझ्या लेखी जड. नगरसेवकाचं काम पाणी, गटार, कचरा, रस्ता, महापालिकेची शाळा आणि दवाखाना. परराष्ट्र धोरण त्याच्या खिशात नसतं. त्याचा पक्ष बघायचा नाही असं मी म्हणत नाही, बघच. पण पक्ष बदलून आलेले यंदा इतके आहेत की नुसत्या चिन्हावर भागणार नाही.

शपथपत्र वाच. मालमत्ता, देणी, शिक्षण, दाखल गुन्हे, सगळं त्यात लिहावं लागतं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालाची कृपा. गुन्ह्यांचा नुसता आकडा मोजून नाक मुरडू नकोस. कलम बघ. पाण्यासाठी रस्ता अडवला म्हणून लागलेलं कलम आणि खंडणीचं कलम एका तागडीत घालायचं नसतं.

आणि नोटा. तो २०१३ साली कोर्टामुळेच आला. २०१८ मध्ये आपल्या राज्य आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे तो अगदीच फुसका नाही. एखाद्या जागेवर खरंच कुणी नसेल तर दाब, मी तुला अडवणार नाही. पण तुझ्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणून तुला चार मतं आहेत आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र नोटा आहे. पॅनेल टू पॅनेल, म्हणजे चारही मतं एकाच पक्षाला द्या असं ते सांगत फिरतील, तसं काही बंधन नाही. एक याचा, दोन त्याचे, एक अपक्ष, असं चालतं. चारही मतं झाल्याशिवाय मशिनची लांब शिट्टी वाजत नाही, तेव्हा तीन बटणं दाबून निघून येऊ नकोस. केंद्राध्यक्षाच्या डोक्याला ताप होतो, अनुभवाने सांगतोय.

मी कुणाला मत देतो हे मात्र अजिबात विचारू नकोस. तीस वर्षांत तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही, आणि ती ज्याचा अंदाज करते तो कधीच बरोबर नसतो.

शेजारचे काका शनिवारी पुण्याला यायचेत, त्यांच्यासोबत तिळाच्या वड्या पाठवतोय. डबे दोन आहेत. दुसरा सूरजचा. तो चिंचवडला राहतो, त्याचंही मतदान त्याच दिवशी आहे. डबा घेऊन तूच जा, आणि गेलीस की दिल्लीचं काढू नकोस. त्याच्या नळाला पाणी किती वाजता येतं ते विचार.

तुझा,
बाबा