एजंट कोणाच्या बाजूचा?

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

घर अजून पसंतही नाही, मग एजंटबरोबर आधीच करार कसला, हे तुम्ही दर फोनला विचारता. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

१७ ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टर लोकांच्या, म्हणजे इथल्या घरखरेदी-विक्रीच्या एजंटांच्या, राष्ट्रीय संघटनेचा नियम बदलला. कोर्टातल्या तडजोडीतून तो आला. घर दाखवायला नेण्याआधी एजंटने खरेदीदाराशी लेखी करार करायचा आणि आपलं कमिशन किती, ते त्यात स्पष्ट लिहायचं. ‘विकणारा देईल ते’ असं मोघम चालत नाही. हा दर कायद्याने ठरलेला नाही, हेही करारात ठळक लिहावं लागतं. त्यामुळे आम्ही बोलून तो थोडा कमी करून घेतला. मुदतही कमी ठेवली, म्हणजे नाही पटलं तर अडकून पडायला नको.

लायसन्स आहे का, हे तुम्ही विचारलंत ते बरोबरच. इथे ७५ तासांचा अभ्यासक्रम आणि राज्याची परीक्षा झाल्यावर ते मिळतं, आणि एजंटला कुठल्यातरी ब्रोकरच्या, म्हणजे वरच्या लायसन्सवाल्याच्या, हाताखालीच काम करावं लागतं. आमच्या एजंटचं लायसन्स चालू आहे का, ते राज्याच्या वेबसाइटवर दिसतं, आम्ही पाहिलं. पण तो कोणाच्या बाजूने बोलणार, हे काही लायसन्सवरून कळत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. न्यू जर्सीत त्यासाठी एक माहितीपत्रक देतात. एजंट विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा, दोघांचा, किंवा कोणाचीच बाजू न घेता फक्त व्यवहार जुळवणारा, अशा वेगवेगळ्या भूमिका त्यात असतात.

ओपन हाउसला, म्हणजे विकायचं घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तेव्हा, दारात हसून स्वागत करणारी बाई बहुतेक वेळा विकणाऱ्याकडची असते. ती कितीही गोड बोलली तरी आपलं बजेट तिच्या कानावर घालायचं नाही. ‘घर आवडलं, अजून थोडं ताणू’ एवढं जरी बोललो, तरी ते मालकापर्यंत जाणार, आणि ते पोचवणं तिचं कामच आहे. ह्यांना मी हे गाडीतच सांगून ठेवते!

दोघांचा एजंट होण्याला दोन्ही बाजूंची लेखी संमती लागते. आम्ही ती देणार नाही. भाव पाडून मागायची वेळ येईल तेव्हा आपल्या बाजूने भांडणारा माणूस हवा, आणि दोन्हीकडे बांधलेला एजंट ते करू शकत नाही.

आणखी एक सोय तुम्हाला आवडेल. एजंटने तयार केलेल्या खरेदी करारावर सह्या झाल्या, तरी कामकाजाच्या तीन दिवसांत आपला वकील तो रद्द करू शकतो किंवा त्यात बदल सुचवू शकतो. वकील आम्ही आधीच ठरवून ठेवला आहे.

दादा पुण्यात फ्लॅट बघतोय, त्यालाही हे वाचायला द्या. प्रोजेक्ट महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असेल, तर एजंटचा महारेरा नोंदणी क्रमांक त्याने मागून घ्यावा. २०२३ पासून तिथे एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली आहे. पण ‘तुमचं कमिशन कोण देणार, बिल्डर की आम्ही, की दोघंही?’ हे त्याने एजंटला पहिल्याच भेटीत विचारावं, आणि उत्तर लिहून घ्यावं. ओळखीचा माणूस असला तरी संकोच करू नये.

शनिवारी आणखी दोन घरं बघायची आहेत. आईला नमस्कार सांगा.

तुमची,
मंजू