दालनाच्या दारातला अंदाज

महोदय,

सोने, घड्याळे, भारी साड्या यांच्या मोठ्या दालनांत कपडे पाहून वागवले जाते, ही तक्रार दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की हमखास कानावर येते. तिच्यावरची दोन उत्तरेही ठरलेली आहेत. एक, विक्रेत्यांना वळण नाही. दुसरे, जरा नीटनेटके जायला काय बिघडते? ठाणे-नवी मुंबईतल्या दालनांत विक्री कर्मचाऱ्यांना शिकवण्याचे काम मी करतो, आणि मला यातले एकही उत्तर पटत नाही. काउंटरमागचा मुलगा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी तोलतो, कारण दालनाचा हिशेबच त्याला तोलायला लावतो.

हा हिशेब बाहेरच्याला दिसत नाही. दारावर फुटफॉल काउंटर बसवलेला असतो. आत येणारे प्रत्येक डोके तो मोजतो. आई-वडील, दोन मुले आणि आजी आली की पाच. बिल मात्र एकच फाटते. रात्री बिलांना माणसांनी भागायचे, की झाले त्या दिवसाचे कन्व्हर्जन. म्हणजे त्या कुटुंबाने मनापासून खरेदी केली तरी कागदावर वीसच टक्के दिसतात. वरून फोन येतो तो या आकड्यावर. त्यात टर्नची पद्धत. विक्रेत्यांनी आळीपाळीने गिऱ्हाईक घ्यायचे. ज्याचा टर्न त्याचे गिऱ्हाईक, घेतले तर त्याच्या खात्यात, न घेता गेले तर टर्न वाया. गर्दीच्या शनिवारी एका विक्रेत्याच्या वाट्याला मोजकेच टर्न येतात, आणि त्याचा इन्सेंटिव्ह महिन्याच्या टार्गेटचा टप्पा गाठला तरच मिळतो. अशा वेळी 'हे बघे आहेत' असा शेरा त्याच्या मनात उमटतो, तो टर्न वाचवण्यासाठी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे सगळ्यात वाईट होते. शांतपणे बघायचे असेल तर पहिल्या पंधरवड्यात, आठवड्यातल्या मधल्या वारी, दुपारी जावे. त्याच मुलाचा सूर वेगळा लागतो.

अंदाज चार-पाच सेकंदांत बांधला जातो. आधी पायातले, मग मनगट, मग हातातली पिशवी आणि मोबाइल. सोबत कोण आहे हेही पाहतात. एकटी आलेली प्रौढ बाई किंवा मित्रांबरोबर आलेला विशीतला मुलगा यांना सहसा 'बघे' धरले जाते. आपल्याकडे आणखी एक खूण आहे, ती म्हणजे भाषा. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधीच त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे, हिंदीत की मराठीत, हे ठरलेले असते आणि त्यावरून कोणता ट्रे निघणार तेही. पुढचे सगळे याच अंदाजावर चालते. वस्तू मागितली की हातात देण्याआधी किंमत सांगितली जाते. सोन्याच्या काउंटरवर उभे असताना चांदीचा काउंटर दाखवला जातो. पाणी शेजारच्याला येते, तुम्हाला नाही. सर्वांत महागात पडणारी गोष्ट मात्र दिसतच नाही. घडणावळीत किती सूट द्यायची याची थोडी मोकळीक विक्रेत्याला किंवा फ्लोअर मॅनेजरला असते, आणि ती मोकळीक 'मोठ्या' वाटणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली जाते. म्हणजे ज्याचा पैसा जपून खर्च होतो, तोच पूर्ण घडणावळ मोजतो.

सुरक्षेचे कारण दिले जाते, त्यात अर्धेच तथ्य आहे. एका वेळी एकच ट्रे काढायचा, काढताना आणि ठेवताना नग मोजायचे, दुसरा ट्रे पहिला आत गेल्यावरच, हा नियम योग्य आहे; नग कमी भरला तर काउंटरवरच्या माणसाच्या मानेवर येते. पण तो नियम चपलांच्या मापाने सैल-घट्ट होतो तिथे घात होतो. हातचलाखी करणारे मळक्या कपड्यांत येत नाहीत. संशय येऊ नये म्हणून ते झकपक येतात, चौघे मिळून येतात, आणि त्यांच्यापुढे तीन-तीन ट्रे उघडे असतात.

आता या परिसराबद्दल. इथे कपड्यांवरून ऐपत ओळखू पाहणारा विक्रेता हमखास तोंडावर पडतो. तुर्भ्याच्या बाजार समितीतला भाजीचा किंवा कांदा-बटाट्याचा व्यापारी रात्रभर गाळ्यावर असतो. सकाळचा व्यवहार आटोपून तो वाशीच्या सेक्टर १७ मधल्या दालनांत येतो तो त्याच कपड्यांत. घणसोली, दिवाळे, करावे इथल्या, किंवा घोडबंदर पट्ट्यात कोलशेत, बाळकुमच्या आगरी-कोळी घरांत सोने ही हौस आहे तशी बचतही. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडाचा मालक बर्म्युडा आणि स्लिपरवर येतो, लुगडे नेसलेली त्याची आई पुढच्या खुर्चीवर बसते आणि निर्णय तीच करते. दुसऱ्या शहरातून बदली होऊन आलेल्या मॅनेजरला हे ठाऊक नसते, मग तो मुलाशी बोलत राहतो आणि आजींकडे पाठ करतो.

हे मी सांगतो तेव्हा दालनमालक खूश होतात. म्हणतात, बरोबर, काय सांगावे, कोण करोडपती निघेल! इथेच माझे त्यांच्याशी जमत नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूमध्ये गाडीच्या शोरूममध्ये एका शेतकऱ्याला हिणवले गेले, त्याने थोड्याच वेळात दहा लाख रुपये आणून दाखवले, कंपनीने माफी मागितली. ही हकिकत सगळ्यांना आवडली. का? तर त्याच्याकडे दहा लाख होते. नसते तर? जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला आत सोडले नाही. त्याच्याकडे सिनेमाचे तिकीट होते, एवढेच. सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. मला ही दुसरी घटना अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे लपलेला श्रीमंत कोणी नव्हता. अंदाज अचूक बांधायला शिकवा, अशी मागणी मालक माझ्याकडे करतात. अंदाजाची गरजच पडू नये अशी कामाची रीत बसवता येते आणि तिला फारसा खर्च येत नाही, हे त्यांना ऐकायचे नसते.

ऐपत कमी असलेल्या गिऱ्हाइकाचेच घ्या. सराफांच्या मासिक हप्त्याच्या योजना सहसा ११ महिन्यांच्या असतात. त्याचे कारण कायद्यात आहे: मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही, तर कंपनी कायद्याखालच्या २०१४च्या नियमांनुसार ती ठेव ठरते आणि ठेवीचे सगळे निर्बंध लागू होतात. या योजनांत घरकाम करणाऱ्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, भिशीतून पैसे बाजूला काढणाऱ्या बायका असतात. हप्ता रोख भरणारी अकरा वेळा दालनात येते. खरेदी नक्की करणार हे लेखी ठरलेले आहे असे दुसरे गिऱ्हाईक सापडणार नाही. तरी अकरा वेळा तिला दारातूनच 'पेमेंट तिकडे' म्हणून खिडकी दाखवली जाते, कारण हप्त्याच्या पावतीवर कोणाचा टर्न लागत नाही. मग बाराव्या खेपेला ती दागिना निवडायला येते तेव्हा तिला काय आवडते, कोणासाठी घ्यायचे आहे, हे दालनात कोणालाच माहीत नसते.

काही ब्रँडचे लोक उलट सांगतात की थोडा ताठा हवाच, त्याने वस्तूची किंमत वाढते. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल यांच्या २०१४च्या संशोधनात तुसड्या विक्रेत्यामुळे काही ग्राहकांची महागडी वस्तू घेण्याची इच्छा वाढलेली दिसली होती, हे खरे. पण ती वाढ त्या ब्रँडची आस असलेल्यांपुरती होती आणि काळ गेला तशी ओसरली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या सराफी पेढीला तिचा काय उपयोग? महागड्या घड्याळांची गोष्ट थोडी निराळी. काही मॉडेल मागणीपेक्षा कमी येतात, काचेतला नग नुसता दाखवण्यापुरता असतो आणि प्रतीक्षा यादी जुन्या खरेदीदारांपासून सुरू होते. तिथे मिळालेला नकार तुमच्या शर्टाकडे पाहून दिलेला असेलच असे नाही. सुटातल्यालाही तोच मिळतो. खात्री करायची तर 'यादीत नाव घ्याल का, लेखी द्याल का' एवढे विचारावे.

कायद्याकडे वळतो, कारण यात गैरसमज फार आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५च्या दुसऱ्या खंडात दुकानांचा थेट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात, हॉटेलात, करमणुकीच्या ठिकाणी अडवता येत नाही. 'प्रवेशाचे हक्क राखीव' ही पाटी त्याच्यापुढे फिकी आहे. मात्र कपडे आणि ऐपत यांचा त्यात उल्लेख नाही, आणि प्रत्यक्षात जातीचा किंवा गावाचा अंदाज कपड्यांवरूनच बांधला जातो, ही त्यातली मेख. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहक म्हणजे मोबदला देऊन किंवा देण्याचे कबूल करून वस्तू घेणारा. दारातून परत पाठवलेला माणूस त्या व्याख्येत बसवणे कठीण, म्हणून नुसत्या अपमानाची तक्रार आयोगापुढे लंगडी पडते. पण दुकानाने बिल द्यायला नकार दिला, तर तो त्याच कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथेत मोडतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ती तक्रार घेतात. खासगी सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नाहीत. संशय असेल तर पोलिसांना बोलवा म्हणावे. अंगझडती देऊ नये.

मग दालनाने करायचे काय? पहिल्या वाक्यापासून सुरुवात. आत येणाऱ्या प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात एकच वाक्य, मराठीत: 'या, बसा, कशासाठी बघताय?' बजेट हा पहिला प्रश्न नसावा. लग्नासाठी, रोजच्यासाठी की भेट द्यायला, हे कळले की तीन नग काढायचे: एक मधल्या वजनाचा, एक त्याहून हलका, एक भारी. मधला आधी ठेवायचा. गिऱ्हाइकाचा हात आपसूक कुठल्या बाजूला जातो त्यावरून बजेट कळते, विचारावे लागत नाही. स्वस्तापासून सुरू केले तर अपमान वाटतो. महागापासून केले तर माणूस दडपतो आणि 'फिरून येतो' म्हणून निघतो.

टर्नच्या कागदावर माणसे लिहू नयेत, गट लिहावा. पाच जणांचे कुटुंब म्हणजे एक. आणि 'घेतले नाही' याची वही ठेवावी: काय मागितले, काय दाखवले, का घेतले नाही. ती ओळ नीट भरली असेल तर विक्रेत्याचा टर्न वाया गेला असे धरू नये. इन्सेंटिव्हचा काही भाग परत आलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर ठेवला तर आणखी उत्तम. एवढ्याने निम्मे तोलणे आपोआप थांबते, भाषण द्यावे लागत नाही. दारावरचा रक्षक कंत्राटी असतो, बारा-बारा तास उभा असतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याच कपड्यांत आला तर त्यालाच अडवले जाईल. त्याला 'कोणाला सोडायचे' हा निवाडा करायला लावूच नये. दार उघडायचे तर सगळ्यांना, पिशवी बघायची तर सगळ्यांची.

हे पाळले जाते का, ते तपासता येते. दोन माणसे पाठवायची, एक ऑफिसच्या कपड्यांत, एक साध्या घरगुती कपड्यांत. मागणी तीच, उदाहरणार्थ दहा ग्रॅमची चेन, काउंटर तोच, मध्ये अर्धा तास. बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत लिहून काढायचे: किती सेकंदांत विचारले, किती नग दाखवले, पाणी दिले का, घडणावळ किती टक्के सांगितली. एका जोडीवरून निष्कर्ष काढू नये. त्या वेळी विक्रेत्याचे डोके दुखत असू शकते. किमान चार जोड्या, निरनिराळ्या वारी. फसते ते असे: पाठवलेला माणूस ओळखीचा निघतो, किंवा घोकून आल्यासारखे प्रश्न विचारतो आणि काउंटरला वास लागतो. घडणावळीच्या टक्क्यांतला फरक सर्वांत बोलका असतो. मालकही तो पाहूनच गप्प होतात.

गिऱ्हाइकांसाठी थोडे. वेश बदलू नका, प्रश्न बदला. '२२ कॅरेटचा आजचा भाव किती, आणि यावर घडणावळ किती टक्के?' हे पहिले वाक्य असले की समोरचा सावध होतो. (गिऱ्हाइकाला अशी परीक्षा का द्यावी लागावी, हा प्रश्न रास्तच आहे.) दागिन्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहा, बीआयएस केअर अॅपवर तो तिथेच तपासता येतो. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन, घडणावळ, हॉलमार्क शुल्क आणि तीन टक्के जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. पॅन दोन लाखांवरच्या खरेदीला लागतो. चार ग्रॅमच्या कानातल्यांसाठी कोणी मागितला तर का ते विचारा.

अपमान झालाच तर विक्रेत्याचा व्हिडिओ काढून पसरवू नका. नोकरी त्या मुलाची जाते, टर्नचा कागद तसाच राहतो. छातीवरच्या बिल्ल्यावरचे नाव, तारीख, वेळ आणि काउंटर लिहून घ्या, आणि दालनाला नव्हे, कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा; त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्यातच करा. जुने चित्रण आपोआप पुसले जाते, तेव्हा पत्र आठवड्याच्या आत गेले पाहिजे.

आपला,
एक विक्री प्रशिक्षक,
नौपाडा, ठाणे पश्चिम