सुन्यास पत्र: आधी कागद कर, मग कर्जाचं बघू

पुणे, रविवार, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय सुन्या,

परवा फोन मधेच कट झाला, नंतर लावत राहिलो तर लागलाच नाही. आज रिक्षा बाहेर काढली नाही, सुमन पोरांना घेऊन माहेरी गेलीय, म्हटलं निवांत बसून सगळं लिहूनच काढावं, फोनवर तू दोन वाक्यं ऐकतोस आणि "बरं बरं" म्हणून ठेवतोस. तू विचारलंस की लॉकडाऊनमध्ये ते दहा हजाराचं कर्ज सुमनला मिळालं होतं ते अजून चालू आहे का, आणि गाड्यावर माल भरायला डेलीवाल्याकडून, म्हणजे त्या रोज वसुली करणाऱ्या सावकाराकडून, घेऊ का थांबू. तर थांब. पत्र पूर्ण वाच आणि मग ठरव.

तुला माहितीय का, त्या दोन वर्षांत माझ्या नावावर सरकारचा एक रुपया आला नाही. हे मी तुला कधी बोललो नाही. तेव्हा तू आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दहा किलो दुधाच्या टेम्पोतून पाठवलास, तेव्हाही मी "आमचं बरं चाललंय" म्हणालो होतो. बरं काही नव्हतं चाललेलं.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा मी शिफ्टवर चालवत होतो, म्हणजे गाडी काकांची, परमिट काकांचं, मी रोजचं भाडं देणार आणि वरचं माझं. चौदा वर्षं असंच केलं. बॅज होता, लायसन होतं, आणि 2017 साली सरकारनं परमिट खुलं केलं तेव्हा स्टँडवरच्या किती जणांनी काढलं, मी मात्र उद्या करू परवा करू करत बसलो. पैसे नव्हते हे खरं, पण चौकशी करायलाही गेलो नाही हेही खरं. तेव्हा वाटायचं रिक्षा कुणाची का असेना, चालवणारा मी आहे, पोट भरतंय ना.

मग 2021 च्या एप्रिलमध्ये परत निर्बंध लागले. 13 तारखेला रात्री मुख्यमंत्री टीव्हीवर आले, 14 तारखेला रात्री आठपासून ब्रेक द चेन, आणि त्याच भाषणात उद्धवजींनी 5476 कोटींचं पॅकेज सांगितलं. परवानाधारक रिक्षावाल्यांना 1500, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना 1500, घरकाम करणाऱ्या बायकांना, बांधकाम मजुरांना, सगळ्यांना 1500. आमच्या चाळीत टाळ्या वाजल्या बघ. मीही खूश झालो. रिक्षा बंद नव्हती पण दोनच पॅसेंजर घ्यायचे आणि बाहेर पडतंय कोण, दिवसभर स्टँडवर उभं राहून कधीकधी शंभर रुपये पण सुटायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टँडवर पेपर घेऊन बसलो तेव्हा कळलं, 'परवानाधारक'. ऑनलाइन अर्जात परमिटधारकाचा आधार, परमिट त्याचं, आधारला जोडलेलं खातं त्याचं. त्यात चालवणाऱ्याला जागाच नव्हती रे. आमच्या स्टँडवर निम्मे शिफ्टवाले होते, कुणाच्याच नावावर काही नाही.

पैसे काकांच्या खात्यात आले. ते वयानं सत्तरीचे, दोन वर्षांत एकदाही गाडीवर बसले नव्हते. मेसेज आला त्याच संध्याकाळी मास्क लावून आमच्या दारात उभे, आत आले नाहीत, पाचशेच्या दोन नोटा उंबऱ्यावर ठेवल्या आणि त्यावर किल्ली ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. म्हणाले पाचशे मी ठेवलेत औषधाला, हे तुझे, गाडी तू फिरवतोस. मी नको म्हणालो नाही. नको म्हणायची परिस्थितीच नव्हती. काका आता नाहीत, पण ती किल्ली आणि त्या नोटा अजून दिसतात मला.

पण सगळ्यांचे मालक असे नव्हते. माझ्या शेजारच्यानं विचारलं तर त्याचा मालक म्हणाला सरकारनं मला दिलेत, तुझा काय संबंध. कायद्यानं तो बरोबरच होता, आणि हेच मला टोचतं. मदत द्यायची होती ती धंदा बसला म्हणून, आणि धंदा बसला होता चालवणाऱ्याचा.

आता सुमनचं ऐक, कारण तुझ्या कामाचं ते आहे. तिची पोह्याची गाडी हडपसरला कंपनीच्या गेटजवळ, 2020 मध्येच सहा वर्षं झाली होती. लायसन नव्हतं, सर्टिफिकेट नव्हतं, फेरीवाल्यांचा सर्व्हे झाला तेव्हा ती बाळंतपणाला गावी होती म्हणून यादीत नाव नव्हतं. 2020 मध्ये तीन महिने जनधनचे पाचशे-पाचशे आले तिच्या खात्यावर, तेवढंच. मग जूनमध्ये केंद्राची ती स्वनिधी योजना निघाली, पीएम स्वनिधी, फेरीवाल्यांना दहा हजार भांडवल, तारण नाही, वर्षात फेडायचं, हप्ते वेळेवर भरले तर 7 टक्के व्याज सरकार परत खात्यात टाकणार. अट एवढीच की 24 मार्च 2020 च्या आधीपासून शहरात धंदा करत असायला हवं. पण ते सिद्ध कसं करणार? ज्यांचं नाव सर्व्हेत राहिलंय त्यांना महापालिकेचं शिफारसपत्र चालतं, हे तिला भाजीवालीनं सांगितलं, मला नाही. वॉर्ड ऑफिसातल्या एका बाईंनी तिला शांतपणे सगळं समजावलं, गाडीचा फोटो मागितला, जुना काय पुरावा आहे विचारलं. आणि आमच्याकडे निघालं काय, तर त्याच्या चार वर्षं आधी अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलली होती त्याच्या दंडाची पावती! ती पावती सुमननं देवघरात गणपतीच्या फोटोमागं ठेवली होती, का ठेवली तिलाही माहीत नाही. त्या पावतीवर तारीख होती, नाव होतं, जागा होती. दंड भरलेला कागद तिच्या धंद्याचा पुरावा झाला बघ.

शिफारसपत्र मिळालं, अर्ज ऑनलाइन गेला, पण बँकेत अडकला. कुठली बँक ते सोड. तिथले साहेब म्हणाले जामीनदार आणा. ती म्हणाली योजनेत जामीनदार नाही. म्हणाले नंतर या. तीन वेळा गेली, दर वेळी सकाळचा धंदा बुडवून. चौथ्यांदा मी पण गेलो तर मलाच विचारतात "कर्ज कुणाला पाहिजे", आणि ही म्हणाली "मला पाहिजे, माझ्या नावावर पाहिजे, यांचा काही संबंध नाही". सुन्या, लग्नाला अकरा वर्षं झाली होती तेव्हा, मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. डिसेंबरात पैसे आले. त्यातून जुनी दोन बर्नरची शेगडी, एक मोठी कढई, तेलाचा एक डबा, पोह्याची गोणी, आणि उरलेले सिलिंडरला. हप्ता महिन्याला नऊशेच्या आसपास.

क्यूआर कोडचं पण सांगतो. ऑनलाइन पैसे घेतले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळायचा, पण व्यवहार निदान 25 रुपयांचा हवा. आमची प्लेट वीस रुपयाला! मग पोरीनं डोकं चालवलं, पोहे आणि चहा मिळून तीस असा बोर्ड लावला, लोक घ्यायला लागले. चहाचा धंदा तिथून सुरू झाला, आता चहावरच जास्त सुटतात.

एप्रिलमध्ये परत बंद झालं तेव्हा हप्ता काही थांबला नाही. पहिल्या लॉकडाऊनला रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, आधी मे अखेरपर्यंत, मग ऑगस्ट अखेरपर्यंत, आणि आमच्या स्टँडवर अर्ध्या लोकांना वाटलं हप्ता माफ झाला. माफ कसला, व्याज चढतच होतं, नंतर रिक्षाच्या कर्जाची मुदत वाढली तेव्हा सगळे डोक्याला हात लावून बसले. मोठ्या उद्योगांना, छोट्या कारखानदारांना हमीवर कर्ज मिळालं म्हणून पेपरात यायचं, पण ते आधीच बँकेचं कर्ज असलेल्यांना. शिफ्टवाल्याला कोण विचारतो.

तर दुसऱ्या वेळी सुमनला ते फेरीवाल्यांचे 1500 मिळाले. का मिळाले? तर नाव यादीत होतं. सहा महिन्यांपूर्वी शिफारसपत्र काढलं नसतं तर तीही माझ्यासारखीच कोरडी राहिली असती. त्या पैशातून तिनं एक हप्ता भरला आणि राहिलेल्यात किराणा आणला. एका घरात दोघं कमावते, दोघांचाही धंदा बसलेला, एकीला मिळाले आणि एकाला नाही, फरक फक्त एका कागदाचा. म्हणून मी तुझ्या मागं लागलोय.

तुझ्या निपाणीच्या मेहुण्याचं आठव. नदीपलीकडं, आपलीच माणसं, पण तिकडच्या कर्नाटक सरकारनं 2020 च्या मे महिन्यात सलूनवाल्यांना, धोब्यांना, रिक्षावाल्यांना पाच पाच हजार जाहीर केले होते. इकडे सलूनवाला तीन महिने शटर पाडून बसला होता. मला वाटतं संकटात पहिले पैसे कर्जाचे नकोतच, हातात थेट द्यायला हवेत, कारण धंदा बंद असताना घेतलेलं कर्ज माणूस खाऊनच संपवतो आणि मग धंदा सुरू झाल्यावर आधी ते फेडतो. धंदा उघडल्यावर मात्र कर्जासारखं दुसरं काही नाही. सुमनला पैसे मिळाले ते बाजार उघडल्यावर, म्हणून टिकले.

आता तुझं. योजना चालू आहे. ऑगस्टमध्ये केंद्रानं ती 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली, आणि पहिलं कर्ज दहाचं पंधरा हजार केलं, ते फेडलं की पंचवीस, मग पन्नास. गडहिंग्लजला नगरपरिषद आहे, तिथंच जायचं. पहिल्यांदा विक्रेत्याचं ओळखपत्र आहे का बघ, नसेल तर शिफारसपत्राचं विचार. आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घे, तुझा तो जुना नंबर बंद पडलाय तोच आधारला असणार, ओटीपी जाणार कुठं? एसटी स्टँडवरच्या बाजार फीच्या पावत्या काकू पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, त्या शोध, एकही फेकू नकोस. आणि फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पाचशे मागितले तर देऊ नकोस.

डेलीवाल्याचा हिशोब तूच सांगितलास. दहा हजार लिहायचे, नऊ हातात यायचे, रोज शंभर असे शंभर दिवस. हजार गेले शंभर दिवसांत, वर्षात तीन-साडेतीन वेळा फिरवलंस की साडेतीन हजार गेले. सुमनला वर्षभराचं व्याज सगळं मिळून हजाराच्या आत पडलं, त्यातलंही बरंचसं तिमाहीला परत आलं. डाळिंब सीझनला पेटी उचलायला पैसे लागतात हे मला कळतं, पण एक महिना कळ काढ. अगदीच अडलं तर पाच हजार मी पाठवतो, बिनव्याजी, संक्रांतीपर्यंत परत कर.

मी 2022 ला परमिट काढलं, गाडी कर्जावर घेतली, अजून हप्ते चालू आहेत. आता शिफ्टला एक पोरगा ठेवलाय, यवतमाळचा आहे. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, बॅज काढ आणि परमिटचा अर्ज कर, फी कमी पडली तर मी देतो. तो हसतो. मी दर आठवड्याला विचारतो.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग. सुमन म्हणते भाऊजींना सांगा यंदा तांदूळ पाठवू नका, नाताळच्या सुट्टीत आम्हीच येतोय, येताना डब्यातल्या पावत्या काढून ठेवा, ती स्वतः लावून देणार आहे तारखेप्रमाणं. उद्या सोमवार आहे, सकाळी नगरपरिषद उघडते, गाडा वहिनींकडे दे आणि जाऊन ये. आल्यावर फोन कर, आणि ह्या वेळी चार्जिंग करून ठेव.

तुझाच,
बाळ्या