नेपाळच्या '240 वर्षां'चा हिशेब

संपादक महोदय,

नेपाळविषयी मराठीत काहीही छापून आले की '2008 मध्ये तिथली 240 वर्षांची राजेशाही संपली' हे वाक्य हमखास येते. ही 240 वर्षे शाह घराण्याची. राजेशाही त्याहून कितीतरी जुनी. काठमांडूजवळ चांगुनारायणाच्या देवळाच्या आवारात दगडी खांबावर लिच्छवी घराण्यातल्या राजा मानदेवाचा संस्कृत लेख आहे, शके 386 चा. आपल्या पंचांगासारखे 78 मिळवले की इ.स. 464. वडील वारल्यावर सती जायला निघालेल्या आईला, राज्यवतीला, त्याने कसे अडवले तेही त्यात कोरले आहे. पुढे मल्ल घराणे आले. 1482 मध्ये राजा यक्षमल्ल वारल्यावर काठमांडू खोऱ्याची तीन राज्यांत वाटणी झाली: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर. तिघांचे आपसात पटेना, ते गोरखा या छोट्या राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याच्या पथ्यावर पडले. 1768 मध्ये ऐन इंद्रजात्रेच्या दिवशी त्याने काठमांडू घेतले. 240 ची मोजणी इथून सुरू होते.

त्यातही राज्य राजाचेच होते असे नाही. 1846 च्या दरबारातल्या कोत हत्याकांडानंतर जंगबहादुर राणाने सत्ता बळकावली आणि 1951 पर्यंत, तब्बल 104 वर्षे, राजा शिक्क्यापुरता उरला. राजा 'श्री 5' (नावाआधी पाच वेळा श्री), राणा 'श्री 3'. मान पाचाला, कारभार तिनाकडे! पंतप्रधानपदही राणांच्या घरातच, बापाकडून मुलाकडे नव्हे तर आधी भावाकडून भावाकडे. राणाशाही गेल्यावर राजा पुन्हा बळावला. 1959 च्या पहिल्या निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने 109 पैकी 74 जागा जिंकल्या, तरी डिसेंबर 1960 मध्ये राजा महेंद्रने पंतप्रधान बी. पी. कोइरालांना बडतर्फ करून तुरुंगात टाकले. 2008 मध्ये जी सत्ता मोडली, तिची खरी घडण या काळातली.

ती मोडलीही टप्प्याटप्प्याने. मे 2006 मध्ये संसदेने राजाचे सैन्यावरचे अधिकार काढले आणि 'श्री 5 को सरकार' ऐवजी 'नेपाल सरकार' केले. डिसेंबर 2007 मध्ये हंगामी राज्यघटनेत प्रजासत्ताकाची तरतूद आली. 28 मे 2008 ला संविधान सभेने 560 विरुद्ध 4 मतांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. राजाला राजवाडा सोडायला पंधरा दिवस दिले.

तेव्हा यापुढे 'शाह घराण्याची 240 वर्षांची राजवट' असे छापावे, ही विनंती. दोनच शब्द वाढतील.

– एक वाचक