परदेशी पाठवा, परतल्यावर त्याच कामावर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून तेजस मार्क-१ए हे स्वदेशी लढाऊ विमान उडालं, तेव्हा मला वडिलांची वही आठवली. तिथे रशियन मिग विमानं बनायची, त्या काळात ते ओझरला फिटर होते. तेलाचे डाग पडलेल्या त्या वहीत रशियन शब्द देवनागरीत लिहिलेत, पुढे अर्थ: क्ल्यूच म्हणजे पाना, झक्ल्योप्का म्हणजे रिव्हेट, पत्रे जोडायची खिळी. रिव्हेट बसली की रशियन तंत्रज्ञ आधी अंगठा फिरवून बघायचा, गेज नंतर लावायचा, असं वडील सांगत. हे कुठल्या ड्रॉइंगवर नव्हतं. शेजारी उभं राहूनच कळायचं.

म्हणूनच संरक्षण क्षेत्रातले शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर ठरावीक काळासाठी दुसऱ्या देशाच्या प्रयोगशाळेत पाठवावेत, असं मला कळकळीनं वाटतं. अमेरिका आणि तिचे मित्रदेश हे कित्येक वर्षं करत आलेत. पगार मायदेशाचा, काम यजमानांच्या टीममध्ये बसून.

गुपितं फुटतील, परके ऐनवेळी हात वर करतील, असं काही जण म्हणतात. दुसरी भीती खरी आहे. तेजसच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीसाठी आपले इंजिनिअर अमेरिकेत लॉकहीड मार्टिनसोबत काम करत होते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर त्यांना परत धाडलं, सामान आणि कागदपत्रं तिकडेच अडकली. पण शिकलेलं कोण काढून घेणार? उरलेलं काम त्यांनी इथे पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला ते विमान पहिल्यांदा उडालं.

माझी तक्रार आपल्याच घराबद्दल आहे. ओळखीतली एक मुलगी परदेशी प्रयोगशाळेत कॉम्पोझिटवर, म्हणजे विमानाच्या हलक्या पण मजबूत मिश्र पदार्थांवर, काम करून आली. परतल्यावर तिला खरेदी विभागात बसवलं. आज ती टेंडरच्या फायली बघते. तिचे हात ज्या कामाला सरावले होते, ते काम इथे दुसरंच कोणीतरी पहिल्यापासून शिकतंय. हे बघून जीव तुटतो.

परतलेल्या माणसाला किमान तीन वर्षं त्याच कामावर ठेवायचं आणि हाताखाली दोन-तीन तरुण द्यायचे, असा नियम सरकारनं करावा. ओझरला तेजस बनवण्याची लाइन आता सुरू झाली आहे, तर सुरुवात इथूनच व्हावी. आणि जाण्याआधी त्या देशाची भाषा पगारी वेळेत शिकवावी. वडिलांनी ती चहाच्या सुट्टीत, त्या वहीवर शिकली.

आपला,
एक वाचक, नाशिक